समाधान मानलं, असं लिहू का?

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



आमच्या रुग्णालयाच्या अभिप्राय फॉर्मवरचा बारावा प्रश्न असा आहे : 'आपण हे रुग्णालय आपल्या नातेवाइकांना व मित्रांना सुचवाल का?' पुढे दोन चौकोन. होय, नाही.

मागच्या महिन्यात एका बाईंना मी तो वाचून दाखवला. साठीच्या असतील. केमोनं केस गेलेले, म्हणून डोक्यावरून पदर घट्ट ओढून घेतलेला. आधीच्या अकरा प्रश्नांना त्यांनी भरभरून उत्तरं दिली होती. डॉक्टर देवमाणूस, सिस्टर लेकीवानी, झाडणारी मावशीसुद्धा नावानं हाक मारते. बारावा ऐकला आणि त्यांनी माझा पेन धरलेला हातच धरला. "नगं बाई. वैऱ्यावर बी अशी पाळी नगं यायला."

हे मी कुठल्या चौकोनात घालू? आम्हाला सूचना आहे, रुग्ण बोलेल तेच नोंदवायचं, पदरचं काही घालायचं नाही. मी 'नाही'वर खूण केली. महिनाअखेरीला लिफ्टशेजारच्या फलकावर जो आलेख लागतो, त्यात त्या बाईंनी साऱ्या जगाचं चिंतलेलं भलं रुग्णालयाविरुद्धची नापसंती म्हणून गेलं असणार.

हा प्रश्न मुळात दुकानदारीतला. २००३ साली अमेरिकेतल्या व्यवसाय सल्लागारांनी तो चालवला : गिऱ्हाईक आपला माल दुसऱ्याला सुचवेल का, एवढं विचारा, कंपनीचं पुढं काय होणार ते कळतं. २०१३ मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनं तो उचलला आणि २०२० मध्ये स्वतःच बदलून 'एकूण अनुभव कसा होता' असा साधा केला. आमच्या छापील फॉर्मवर मात्र तो अजून मुक्कामाला आहे. साबण सुचवता येतो, फार तर हाडवैद्य सुचवता येतो. कर्करोगाच्या दवाखान्याचं आवतण कोण कुणाला देतो?

मी निवृत्त शिक्षिका. एकतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. थोरल्या बहिणीला, ताईला, स्तनाचा कर्करोग झाला, तेव्हा दोन वर्षं तिची फाईल काखोटीला मारून मी हिंडले. ती गेल्यावर घरात बसवेना. म्हणून आता आठवड्यातून दोन दिवस एका रुग्णालयात जाते आणि ज्यांना लिहिता येत नाही, किंवा ज्यांच्या हाताला सलाईन आहे, त्यांचे अभिप्रायाचे फॉर्म भरून देते. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं वाईट नाहीत, आणि मला जे सांगायचंय ते त्या एका इमारतीपुरतं नाही.

हे आत्ताच लिहायचं कारण आपल्या खात्याचंच काम आहे. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कर्करोग उपचारांचं धोरण मंजूर केलं. तीन स्तरांवर अठरा रुग्णालयं आणि ती चालवायला 'महाकेअर' ही संस्था. मुंबईच्या वाऱ्या वाचतील, ही फार मोठी गोष्ट आहे, त्याबद्दल मनापासून आभार. आता यंत्रं येतील, पदं भरली जातील, फलक लागतील. आणि मग कधीतरी एका बैठकीत कुणीतरी 'रुग्ण समाधान निर्देशांक' असे शब्द उच्चारेल, कुणीतरी जुना फॉर्म काढेल, बारावा प्रश्न अठरा ठिकाणी छापून जाईल. त्या बैठकीआधी हे पत्र आपल्या टेबलावर असावं, एवढाच हेतू.

पहिली अडचण शब्दातच आहे. भाषा शिकवली म्हणून मला ती जास्त बोचत असेल. 'समाधान' हा आपल्याकडे सेवेचा दर्जा नाही, माणसाचा गुण आहे. 'समाधानी आहे हो' हे आपण कुणाविषयी म्हणतो? आहे त्यात भागवणाऱ्या सुनेविषयी, पेन्शनीत संसार रेटणाऱ्या म्हाताऱ्याविषयी. शिवाय समाधान मिळतं त्याहून जास्त वेळा ते मानलं जातं. क्रियापदच तसं आहे. चार गावं ओलांडून आलेल्या माणसाला 'आपण समाधानी आहात का?' असं विचारलं, की त्याला वाटतं आपलीच परीक्षा चाललीय. तो कशाला नापास होईल? एका आजोबांनी तर मला नीट विचारून घेतलं, "समाधान मानलं, असं लिहू का?" फॉर्मवर तसा चौकोन नव्हता. तोच सगळ्यात खरा ठरला असता.

ताईचं सांगते. तिची उजव्या बाजूची शस्त्रक्रिया झालेली. त्या बाजूच्या हाताला सुई लावायची नाही असं बजावलेलं, त्यामुळे सगळा भार डाव्या हातावर. पाचव्या केमोपर्यंत त्या हाताच्या शिरा सुतळीसारख्या कडक झाल्या होत्या. त्या सकाळी सिस्टरनं तीनदा टोचलं. तिसऱ्या वेळी जागा टम्म फुगली. चौथ्यांदा मनगटाजवळ शीर लागली. ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती त्या मुलीला म्हणत होती, "असू दे गं, असू दे." संध्याकाळी फॉर्म आला. परिचारिकांचे कौशल्य : उत्तम. परिचारिकांची वागणूक : उत्तम. एस.टी.त बसल्यावर मी तिच्यावर चिडले. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "रात्रपाळी करून आठला सुटायची होती ती पोर. बदली आली नाही म्हणून थांबलेली. तिच्या नावावर काय लिहू?"

पुढे कधीतरी वाचनात आलं, की हेच ओळखून १९९८ साली विल्यम्स, कॉयल आणि हीली या तिघा संशोधकांनी ब्रिटनमध्ये एक निबंध लिहिला होता. लोक समाधानाचे इतके वरचे आकडे का देतात, हा त्यांचा प्रश्न. त्यांना सापडलं ते असं : वाईट अनुभव आला म्हणून माणूस लगेच वाईट शेरा देत नाही. तो आधी मनाशी दोन गोष्टी तपासतो. हे करणं त्यांचं कर्तव्य होतं का? आणि झालं त्यात त्यांचा दोष होता का? दोन्हींचं उत्तर 'हो' आलं तरच तक्रार उमटते. नाहीतर दुखणं पोटात आणि शेरा उत्तम. ताईनं हा निबंध वाचला नव्हता. एस.टी.च्या सीटवर तिनं तो एका वाक्यात सांगितला.

आता त्या 'उत्तम'चं पुढं काय झालं बघा. बदलीची सिस्टर आली नाही, एका मुलीनं सोळा तास काम केलं, कडक शिरांच्या पेशंटला छातीत बसवायचं केमो पोर्ट परवडलं नाही किंवा कुणी सुचवलं नाही. यातलं काहीही वर पोचलं नाही. वर पोचली ती टक्केवारी. तिच्यावर समाधान मानून वरची मंडळीही मोकळी.

दुसरं, विचारतं कोण आणि केव्हा? आमच्याकडे फॉर्म डिस्चार्ज कार्डाबरोबर येतो. तो भरून खिडकीवर दिला की कार्डावर शिक्का. एका पेशंटच्या भावानं मला वाचूसुद्धा दिलं नाही. "मॅडम, सगळ्याला चांगलं करा. एकवीस दिवसांनी परत यांच्याच दारात यायचंय." तो काही खोटं बोलत नव्हता. हिशेब करत होता. जन आरोग्य योजनेतून उपचार होत असतील तर त्यात आणखी एक ओझं असतं : फुकट मिळतंय, त्याला नावं कशी ठेवायची? ते फुकट नाही, तुमच्या-आमच्या करातून आलंय, असं मी सांगून बघते. मान हलवतात. पटत नाही.

लिफ्टजवळ मध्यंतरी एक टॅबलेट बसवला होता. हसरा, गप्प आणि रडका असे तीन चेहरे, बोट लावायचं. पेशंटांबरोबर आलेल्या पोरांना तो फार आवडला. हिरवा चेहरा दाबला की टुंग असा आवाज यायचा. त्या महिन्यात आमचं समाधान विक्रमी होतं.

केंद्र सरकारनं २०१६ मध्ये 'मेरा अस्पताल' सुरू केलं, तेव्हा मला वाटलं होतं आता खरं बोलणं होईल. रुग्ण घरी गेल्यावर त्याला मेसेज किंवा फोन येतो. म्हणजे खिडकी नाही, शिक्का नाही. कल्पना चांगलीच आहे. पण नोंदणीच्या वेळी दिलेला नंबर कुणाचा असतो? पुतण्याचा, जावयाचा, ज्याच्या गाडीतून आले त्या गावच्या सरपंचाचा. पुतण्या शेतात असतो, रेकॉर्ड केलेला आवाज ऐकून त्याला विम्याचा फोन वाटतो.

तिसरी गोष्ट सांगायला मला जड जातं.

एक शेतकरी, पंचावन्न-साठीचे, अन्ननलिकेचा आजार. दोन्ही मुलांनी मला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बाबांना ठाऊक नाही. अल्सर म्हणून सांगितलंय." वॉर्डात निम्म्या घरांत हेच चालतं. गाठ असते, जखम असते, 'मोठा आजार' असतो. रेडिएशनला शेक म्हणतात, बायोप्सीला तुकडा. या शब्दांच्या आडोशानं घर उभं असतं. माझ्या हातातल्या कागदावर मात्र ठळक अक्षरांत छापलेलं : कर्करोग रुग्ण समाधान सर्वेक्षण. आणि ते गृहस्थ सातवीपर्यंत शिकलेले, स्वतः वाचू बघणारे. मी कागदाचा वरचा भाग दुमडला आणि दुमडीवर अंगठा ठेवून प्रश्न विचारत गेले. चौथा प्रश्न होता : 'आपल्या आजाराविषयी पुरेशी माहिती मिळाली का?' ते म्हणाले, "मिळाली की. अल्सर आहे. शेक दिला की बरा होतोय." पूर्ण समाधानी. मी खूण केली.

हे खोटं कुणाच्या माथी मारू? मुलांच्या? ती रात्रभर वॉर्डाबाहेर सतरंजीवर पडलेली असतात. आजार सांगावा की सांगू नये, यावर मी इथं निकाल देणार नाही, ताईच्या वेळी आम्हीही दोन महिने गप्प होतो. पण फॉर्म बनवणाऱ्याला हे ठाऊक हवं, की आपल्याकडे या प्रश्नाच्या 'होय'मागे पूर्ण अंधार असू शकतो. निदान कागदाच्या माथ्यावर काय छापायचं, एवढं तरी त्यानं वॉर्डात एक दिवस बसून ठरवावं.

जगात हे मोजण्याचं काम मन लावून केलेली माणसं आहेत. ब्रुसेल्समधल्या युरोपीय कर्करोग संशोधन संघटनेनं दाखल रुग्णांसाठी बत्तीस प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. २००५ साली ती प्रसिद्ध झाली. तिच्यात नुसता 'समाधानी आहात का' असा गोलमाल नाही. डॉक्टरांनी दिलेला वेळ, सिस्टरला हाक मारल्यावर ती किती लवकर आली, एकमेकांना निरोप देताना त्यांच्यात मेळ होता का, तपासणीचे रिपोर्ट यायला लागलेला वेळ, इमारतीत वाट सापडणं किती सोपं, असं एकेक धरून विचारलंय. मला त्यातलं वाट सापडण्याचं फार आवडलं. आमच्याकडे एक्स-रेची खोली 'मागच्या बाजूला' आहे, आणि इमारतीला मागच्या बाजू तीन आहेत.

इंग्लंडमध्ये २०१० पासून कर्करुग्णांचं राष्ट्रीय सर्वेक्षण होतं. पाकीट घरी येतं, उपचाराला काही महिने उलटल्यावर. निकाल रुग्णालयवार जाहीर होतात. तिथंही 'एकूण किती गुण द्याल' याला लोक दहापैकी नऊच्या घरातच देतात. तो आकडा वर्षानुवर्षं फारसा हलत नाही. खरी माहिती निघते ती बारक्या प्रश्नांतून : निदान सांगायच्या वेळी घरच्या माणसाला बरोबर आणता येईल हे तुम्हाला आधी कळवलं होतं का, अशा. कळवलं तर कळवलं, नाही तर नाही. त्यात कुणाचं मन मोडत नाही, कुणा पोरीची नोकरी जात नाही.

माझी मागणी एवढीच आहे. आमच्या लोकांना मत विचारू नका, हकीकत विचारा. मत द्यायला ते लाजतात, भितात, दया करतात. हकीकत मात्र तास न् तास सांगतात, आणि तारीखवार सांगतात. पहिली गाठ हाताला लागली त्या दिवसापासून पहिल्या औषधापर्यंत किती दिवस गेले? किती ठिकाणी पाठवलं? एका कागदाच्या झेरॉक्ससाठी किती वेळा परत यावं लागलं? शेकासाठी पाच-सहा आठवडे रोज यायचं होतं, तेव्हा रात्री कुठं झोपलात? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर परळच्या फुटपाथवर गेली कित्येक वर्षं उघड्यावर लिहिलेलं आहे. दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी किती जणांना पाठ टेकायला जागा दिली असेल. पण 'निवास' हा रकाना मी एकाही अभिप्राय फॉर्मवर पाहिलेला नाही, कारण तो 'उपचारात' मोडत नाही. ज्यानं ती व्याख्या केली तो कधी शेक घेऊन बस स्टँडवर झोपला नसावा.

आणि दुखण्याचं विचारा. किती दुखतं हे कुणी विचारलं का, विचारल्यावर काही दिलं का, दिल्यावर रात्री झोप लागली का. मॉर्फिनच्या परवान्यांचं जंजाळ कमी व्हावं म्हणून २०१४ मध्ये संसदेनं अमली पदार्थांचा कायदा सुधारला. कायदा बदलल्याला इतकी वर्षं झाली, तरी ताईच्या शेवटच्या महिन्यात त्या गोळ्यांसाठी माझा भाचा दोन जिल्हे फिरला. तिनं त्या महिन्यात कुठलाही फॉर्म भरला नाही. त्या अवस्थेतल्या माणसापुढे कुणी फॉर्म धरतही नाही. म्हणून आपल्या आकड्यांत वेदना जवळजवळ नसतेच. ज्यांना ती सर्वांत जास्त होती ते मोजणीच्या दिवशी हजर नव्हते.

ही गैरहजेरी मला सगळ्यात जास्त छळते. माझ्या बाकासमोर येतो तो निदान येऊ शकला. दुसऱ्या केमोनंतर जो आलाच नाही, त्याचं समाधान कोण मोजणार? पैसे संपले, म्हैस व्यायला झाली होती, नवऱ्यानं 'बास' म्हटलं, गावातल्या कुणी झाडपाला दिला. फाईल कपाटात राहते आणि सरासरी चांगली दिसते. जे गेले त्यांच्या घरच्यांनाही कुणी विचारत नाही. इंग्लंडमध्ये २०११ ते २०१५ या काळात मृतांच्या नातलगांचं स्वतंत्र सर्वेक्षण व्हायचं, शेवटचे महिने कसे गेले याचं. ताईच्या बाबतीत मला कुणी विचारलं असतं, तर मी न रडता दोन तास बोलले असते.

हे जमणार नाही, गावोगाव कोण जाणार, असं बैठकीत कुणी म्हणेल. माझं माहेर परांडा तालुक्यातलं, त्यामुळे मला याचं उत्तर घरबसल्या माहीत आहे. १९८७ साली बार्शीच्या कर्करोग रुग्णालयानं टाटा मेमोरियलच्या मदतीनं ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू केली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतली ३४६ गावं. रुग्णालयात वहीत नावं लिहीत बसलं तर अर्धेही रोगी दिसणार नाहीत, कारण अर्धे तिथवर येतच नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून माणसं गावात जायची, पारावर बसायची, रोगाची लक्षणं समजावून सांगायची, संशय आला त्याला तपासणीला आणायची. मोजायला गेलेल्यांनी जाताजाता लोकांना शहाणं केलं आणि रोगी लवकर दवाखान्यात येऊ लागले. तेव्हा मोबाइल नव्हते, पारापर्यंत डांबरी सडकही सगळीकडे नव्हती. आता गावोगाव आशाताई आहेत. प्रत्येक केंद्राच्या दर महिन्याच्या थोड्या रुग्णांच्या घरी, उपचार थांबल्याला दोन-तीन महिने झाल्यावर, त्या केंद्राचा पगार न घेणारी कुणी बाई जाऊन बसली, चहा घेतला आणि हकीकत लिहून आणली, तर एका वर्षात आपल्याला असं काही कळेल जे लिफ्टशेजारच्या आलेखातून दहा वर्षांत कळणार नाही. आशाताईंवर हे फुकटात लादू नका, तेवढं मात्र सांगून ठेवते. त्यांच्या समाधानाचं वेगळं पत्र लिहावं लागेल.

आणि आकडे आले की ते फक्त सचिवांकडे जाऊ नयेत, ज्या वॉर्डातून आले तिथं परत जावेत. कुणाला नोटीस म्हणून नको, कामाची कुमक म्हणून. चार वेळा टोचावं लागलं असे वीस पेशंट निघाले, तर त्या मुलीला बदली सिस्टर मिळावी. तिला 'असमाधानकारक' असा शेरा मिळणार असेल, तर लोक पुन्हा 'उत्तम' लिहायला लागतील. आणि मी त्यांना अडवणार नाही.

तोवर माझी चोरी कबूल करते. सूचनेबाहेर जाऊन मी एक गोष्ट करते. जे चौकोनात बसत नाही ते फॉर्मच्या कडेला पेन्सिलनं लिहिते. 'वैऱ्यावर बी नगं.' 'बदली आली नाही.' 'अल्सर समजतात.' 'तीन रात्री स्टँडवर.' 'समाधान मानलं.' फॉर्म संगणकावर चढवणारा मुलगा चांगला आहे, पण कडेचं त्याला कुठं टाकायचं ते कळत नाही, तसा रकानाच नाही. म्हणून घरी येऊन मी तेवढं एका शंभर पानी वहीत नावाशिवाय उतरवते. वही आता संपत आली आहे.

ती मी टपालानं पाठवणार नाही. पण आपल्या खात्यातल्या कुणाला बघायची असेल, तर रुग्णालयाचं नाव वेगळं कळवीन; मंगळवारी आणि शुक्रवारी दहा ते एक मी नोंदणीच्या खिडकीशेजारच्या बाकावर असते. चौथी खिडकी. चौकशीवर पाचवी सांगतील, ती बंद असते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका